पाण्याचे बुडबुडे ॲल्युमिनियम कसे कुरतडतात

चहासाठी आधण ठेवले की उकळी फुटण्यापूर्वी काही मिनिटे पातेले बारीक आवाजात गुणगुणू लागते. तळाशी तापलेल्या जागी वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, थोडे वर सरकतात आणि वरच्या थंड पाण्यात शिरताच मिटून जातात. ती गुणगुण या मिटणाऱ्या बुडबुड्यांची असते. खरी उकळी आल्यावर बुडबुडे न मिटता वरपर्यंत पोहोचतात आणि आवाजही बदलतो. पाण्याच्या पंपात हीच घटना वेगळ्या कारणाने घडते. तेथे बुडबुडे पाण्याचा दाब उतरल्यामुळे तयार होतात आणि मिटताना त्यांच्या शेजारी धातूची भिंत असते. ही भिंत ओतीव ॲल्युमिनियमची असेल तर ती हळूहळू कुरतडली जाते. या झिजेला कॅव्हिटेशनची झीज म्हणतात.

भोसरी, चाकण आणि पिंपरी-चिंचवड या पट्ट्यात ॲल्युमिनियम ओतणाऱ्या लहान-मोठ्या अनेक फाउंड्र्या आहेत. इंजिनाच्या वॉटर पंपाची बॉडी, थर्मोस्टॅटचे हाउसिंग, पुढचे कव्हर, सिलिंडर हेड असे पाण्याच्या सतत संपर्कात राहणारे कितीतरी भाग तेथे ओतले जातात. या कामात वावरताना मला एक प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे: मिश्रधातूचा कोणता ग्रेड घेतला म्हणजे पंपाच्या बॉडीला आतून खड्डे पडणार नाहीत? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे पूर्ण उत्तर ग्रेडच्या नावात सापडत नाही. एकाच ग्रेडच्या कास्टिंगांपैकी, म्हणजे ओतलेल्या भागांपैकी, एक वर्षानुवर्षे टिकते आणि दुसरे लवकर गळू लागते, इतकेच नव्हे तर एकाच कास्टिंगची एक बाजू शाबूत राहते आणि दुसरी पोखरली जाते. तसे का होते, हे समजण्यासाठी आधी बुडबुड्याकडे आणि मग धातूच्या आतल्या रचनेकडे पाहावे लागते.

पाणी १०० अंशांना उकळते हे आपण शाळेत शिकतो, पण ते समुद्रसपाटीपुरते खरे आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे हवेचा दाब १०१ ऐवजी साधारण ९५ किलोपास्कल असतो आणि पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. दाब जितका कमी, तितक्या कमी तापमानाला पाण्याची वाफ होते. २० अंशांच्या पाण्याचा दाब २.३ किलोपास्कलपर्यंत उतरवला तर ते थंड असतानाच उकळू लागते. ९० अंशांच्या पाण्याला त्यासाठी ७० किलोपास्कलपर्यंतच उतरावे लागते. इंजिनातले पाणी याच तापमानाच्या आसपास फिरत असते, म्हणजे उकळीच्या उंबरठ्यावर उभे असते.

आता पंप पाहू. ६० मिलिमीटर व्यासाचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला जवळजवळ १६ मीटर होतो. या वेगाने धावणाऱ्या पाण्याची गती दाबाच्या भाषेत मांडली तर ती सुमारे १२५ किलोपास्कल भरते, म्हणजे पुण्याच्या हवेच्या दाबाहून जास्त. वाहणाऱ्या पाण्याचा वेग जेथे वाढतो तेथे त्याचा दाब उतरतो. त्यामुळे पात्याच्या पुढच्या कडेला पाणी वळताना, किंवा पाते आणि बॉडी यांच्यामधल्या अरुंद फटीतून पाणी मागे निसटताना, दाब क्षणभर वाफेच्या मर्यादेखाली जातो आणि बुडबुडे फुटाण्यांसारखे उमलतात. काही मिलिमीटर पुढे गेल्यावर दाब पुन्हा वाढतो आणि ते मिटतात. म्हणूनच खड्डे बहुधा बुडबुडे जन्मतात तेथे न पडता थोडे पुढे, ते मिटतात तेथे पडतात. खड्ड्यांची जागा पाहून प्रवाह मागे कोठे बिघडला असावा, याचा माग काढता येतो.

ही घटना प्रथम जहाजबांधणीत ठळकपणे लक्षात आली. १८९०च्या दशकात ब्रिटिश युद्धनौका डेअरिंग हिच्या चाचण्यांत पंखा अपेक्षित जोर देईना. त्याच सुमारास चार्ल्स पार्सन्स यांच्या टर्बिनिया या टर्बाइनवर चालणाऱ्या नौकेलाही हाच त्रास झाला आणि पुढे तीन शाफ्टांवर मिळून नऊ पंखे बसवावे लागले. बुडबुडा मिटताना भोवतीच्या पाण्यात दाब किती चढतो, याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडले. ते गणित गोल बुडबुड्याचे होते. भिंतीजवळचा बुडबुडा मात्र गोल राहून मिटत नाही, आणि धातूचे नुकसान तेथूनच सुरू होते.

भिंतीच्या बाजूने पाण्याला आत धावून यायला वाव नसतो, समोरच्या बाजूने असतो. त्यामुळे बुडबुड्याची समोरची बाजू आधी आत दबते, त्यातून पाण्याची एक बारीक धार तयार होते आणि ती बुडबुड्याला आरपार छेदून भिंतीवर आदळते. या धारेचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त असतो. पाण्याची घनता, पाण्यातला आवाजाचा वेग आणि धारेचा वेग यांचा गुणाकार केला की आदळण्याचा दाब मिळतो: १,००० गुणिले १,५०० गुणिले १००, म्हणजे १५ कोटी पास्कल किंवा १५० मेगापास्कल. उष्णतोपचार न केलेल्या एलएम २५ या ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूला कायमचा पोचा येण्यास साधारण १०० मेगापास्कलचा ताण पुरतो. टी ६ ही उष्णतोपचाराची प्रक्रिया केल्यावर ही मर्यादा जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे बुडबुड्याचा घाव आणि धातूची सहनशक्ती या दोन गोष्टी एकाच पट्टीवर अगदी जवळजवळ येतात. शिवाय बुडबुडा पूर्ण मिटताना जो धक्क्याचा तरंग निघतो, त्याचा दाब याच्याही वर जाऊ शकतो. हा मारा काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीच्या ठिपक्यावर, सेकंदाच्या लाखाव्या-दहालाखाव्या भागापुरता होतो. एका घावाने दिसण्यासारखे काही होत नाही, पण चालू पंपात असे घाव अखंड पडत असतात.

प्रयोगशाळेत याची चाचणी करण्याची रूढ पद्धत एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या जी ३२ या मानकात दिली आहे. त्यात हॉर्न नावाचा धातूचा एक दांडा पाण्यात टोक बुडवून सेकंदाला २०,००० वेळा, ५० मायक्रॉनच्या पल्ल्याने कंप पावतो. हॉर्नच्या टोकाचा व्यास सुमारे १६ मिलिमीटर असतो आणि त्याखाली प्रत्येक कंपनाबरोबर बुडबुड्यांचा ढग उमलतो व मिटतो. एका तासात ७ कोटी २० लाख आवर्तने होतात. मऊ धातूंचे नमुने हॉर्नला जोडण्याऐवजी अर्धा मिलिमीटर अंतर ठेवून त्याच्यासमोर स्थिर धरण्याची पद्धतही वापरली जाते, आणि ॲल्युमिनियमसाठी ती सोयीची आहे, कारण प्रत्यक्ष कास्टिंगमधून कापलेला तुकडा तसाच तपासता येतो. ठरावीक वेळाने नमुना काढायचा, धुवायचा, वाळवायचा, अचूक तराजूवर तोलायचा आणि वजनातली घट मांडायची, असे हे चिकाटीचे काम आहे.

येथे एक चूक वारंवार होते. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांची तुलना करताना वजनातली घट समोरासमोर ठेवली जाते. १० मिलिग्रॅम ॲल्युमिनियम म्हणजे ३.७ घन मिलिमीटर, तर १० मिलिग्रॅम पोलाद म्हणजे १.३ घन मिलिमीटर. सारखे वजन गमावले तरी ॲल्युमिनियमचा खड्डा जवळजवळ तिप्पट मोठा असतो. तुलना नेहमी झिजेच्या सरासरी खोलीची करावी. १६ मिलिमीटर व्यासाच्या नमुन्यावर ३.७ घन मिलिमीटर म्हणजे सुमारे १८ मायक्रॉन खोली होते.

या चाचणीचा आलेख पाहण्यासारखा असतो. सुरुवातीला बराच वेळ वजन जवळजवळ घटतच नाही. या काळात धातू गप्प बसलेला नसतो. त्याचा पृष्ठभाग आतल्या आत दबत, सरकत, थकत असतो. त्यानंतर घट एकाएकी वाढते, कमाल वेगाला पोहोचते आणि पुढे खड्डे खोल होऊन त्यांत पाणी व वायू साचल्यावर माऱ्याची धार थोडी बोथट होते. पंप बनवणाऱ्याच्या दृष्टीने यातला पहिला, शांत काळ सर्वांत मोलाचा आहे. तो लांबवता आला तर पंपाचे आयुष्य वाढते, आणि तो किती लांबेल हे ओतकाम ठरवते.

आरशासारखा घासलेला एलएम २५ चा नमुना काही मिनिटे या माऱ्याखाली ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. त्या चकचकीत पृष्ठभागावर आता वाऱ्याने हललेल्या तळ्यासारख्या सुरकुत्या दिसतात. या मिश्रधातूत ७ टक्के सिलिकॉन असते. ओतलेला रस गोठताना आधी ॲल्युमिनियमच्या झाडासारख्या फांद्या वाढतात, ज्यांना डेंड्राइट म्हणतात, आणि शेवटी त्या फांद्यांमधल्या जागेत सिलिकॉन व ॲल्युमिनियम एकत्र गोठतात. ॲल्युमिनियम मऊ असल्याने प्रत्येक घावाला थोडे दबते. सिलिकॉन कठीण व ठिसूळ असल्याने दबत नाही. त्यामुळे सगळा ताण दोहोंच्या शिवेवर येतो. तेथे केसासारखी भेग पडते, ती सिलिकॉनच्या कणाभोवती फिरते आणि एक दिवस तो कण दगडी फरशीतून निसटलेल्या खड्यासारखा बाहेर पडतो. मागे राहिलेली खाच पुढच्या बुडबुड्यांना आयतीच जागा देते. झीज अशी कणाकणाने होते. थेट घावाने धातू उडून जाण्याचे प्रमाण त्यामानाने कमी असते.

म्हणून सिलिकॉन किती आहे यापेक्षा ते कोणत्या रूपात आहे याला जास्त महत्त्व आहे. काही न करता संथपणे गोठवलेल्या मिश्रधातूत सिलिकॉन लांब, टोकदार पत्र्यांच्या रूपात पसरते. अशा पत्र्याच्या कडेने भेगेला सरळ रस्ता मिळतो. अलादार पाच (Pácz) या संशोधकांनी रसात थोडे सोडियम मिसळले की हेच सिलिकॉन बारीक होते हे दाखवले आणि १९२१ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. आज आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सोडियमऐवजी स्ट्रॉन्शियम वापरतात आणि त्याची मात्रा टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. इतक्या चिमूटभर मात्रेने सिलिकॉनचे पत्रे प्रवाळासारख्या बारीक तंतूंत बदलतात आणि भेगेला वारंवार वळणे घ्यावी लागतात. मात्र स्ट्रॉन्शियम रसात कायम राहत नाही, रस भट्टीत तासन्‌तास थांबला की ते हळूहळू जळून जाते. शिवाय स्ट्रॉन्शियम घातलेल्या रसात सच्छिद्रतेकडे कल वाढतो, म्हणून ते घातल्यावर गॅस काढण्याच्या कामात ढिलाई चालत नाही.

सच्छिद्रता हा या विषयाचा गाभा आहे, असे माझे मत आहे. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन विरघळतो. गोठताना धातूची तो धरून ठेवण्याची क्षमता एकदम सुमारे विसाव्या हिश्श्यावर येते आणि उरलेला हायड्रोजन बारीक गोल छिद्रांच्या रूपात अडकतो. हायड्रोजन येतो तो ओलाव्यातून. पुण्यात आषाढ-श्रावणातल्या दमट दिवसांत हा त्रास वाढतो, हे येथला प्रत्येक ओतारी जाणतो. इनगॉट (धातूच्या विटा), चमचे, स्क्रॅप सगळे आधी तापवून कोरडे केले नाही तर रस ओलावा ओढून घेतो. दुसरी सच्छिद्रता आकसण्याची. गोठताना ॲल्युमिनियम घनफळाने सुमारे ६ टक्के आकसते, आणि जाड भागाला रायझरकडून, म्हणजे साच्यातल्या राखीव रसाच्या साठ्याकडून, वेळेवर रस मिळाला नाही तर आत वेड्यावाकड्या पोकळ्या राहतात. पृष्ठभागाच्या लगत, काही मायक्रॉनांखाली अशी पोकळी असेल तर तिच्यावरचे धातूचे पातळ छत बुडबुड्यांच्या माऱ्याने लवकरच कोसळते. तेवढ्या जागेपुरता तो शांत काळ जवळजवळ संपलेलाच असतो.

लोखंडाचीही दखल घेतली पाहिजे. ॲल्युमिनियममध्ये लोखंड जास्त झाले की ॲल्युमिनियम, लोखंड आणि सिलिकॉन यांच्या संयुगाच्या पातळ पट्ट्या तयार होतात, ज्या काप घेतल्यावर सुयांसारख्या दिसतात. त्या काचेसारख्या ठिसूळ असतात. मँगनीज घालून त्यांचा आकार कमी घातक करता येतो. पण स्क्रॅपमधून आलेले लोखंड काढून टाकण्याचा सोपा मार्ग नाही. ते शिरू न देणे हाच उपाय आहे.

आता कठीणपणाकडे येतो, कारण बहुतेक वाद तेथेच अडतात. कठीणपणा वाढला की कॅव्हिटेशनला प्रतिकार वाढतो, हे सर्वसाधारणपणे खरे आहे. एलएम २५ ला टी ६ दिल्यावर, म्हणजे ५४० अंशांच्या आसपास काही तास तापवून, गरम पाण्यात विझवून, पुन्हा १५५ ते १७५ अंशांवर मुरवल्यावर, मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण ॲल्युमिनियममध्ये पसरतात. मऊ भाग घट्ट होतो, दबण्याचे प्रमाण घटते आणि तापवण्याच्या काळात सिलिकॉनची टोकेही गोलावतात. या तिन्ही गोष्टी उपकारक आहेत, आणि पाण्यातल्या भागांसाठी टी ६ आग्रहाने मागावी असे मी सांगतो.

पण कठीणपणाचा आकडा मोजला कसा जातो, याकडे लक्ष द्यावे. ॲल्युमिनियमसाठी आपण बहुधा ५ मिलिमीटरची गोळी २५० किलो भाराने दाबतो. धातूचा कठीणपणा या चाचणीच्या भाषेत ९० ब्रिनेल असेल तर जो ठसा उमटतो त्याचा व्यास पावणेदोन मिलिमीटरहून थोडा जास्त असतो. त्या ठशाखाली डेंड्राइटच्या शेकडो फांद्या, हजारो सिलिकॉन कण आणि काही बारीक छिद्रेही येतात. मिळणारा आकडा या सगळ्यांची सरासरी असतो. बुडबुड्याचा हातोडा काही मायक्रॉन रुंद असतो. त्याला सरासरीशी कर्तव्य नाही. तो जेथे पडतो तेथे मऊ ॲल्युमिनियम आहे, सिलिकॉनची शीव आहे की छिद्राचे छत आहे, एवढेच त्या क्षणी महत्त्वाचे ठरते. त्यामुळे ९० ब्रिनेलची दोन कास्टिंग कॅव्हिटेशनसमोर अगदी वेगळी वागू शकतात, आणि तपासणीच्या कागदावर ती जुळी भावंडे दिसतात.

हा फरक मी एका वॉटर पंपाच्या बॉडीवरून शिकलो. डिझेल जनरेटरच्या इंजिनाची ती बॉडी ग्राहकाकडून परत आली होती. ग्रॅव्हिटी डाय कास्टिंग (धातूच्या साच्यात, म्हणजे डायमध्ये, रस नुसता ओतून केलेली), एलएम २५, टी ६ केलेली. व्होल्युटच्या, म्हणजे इंपेलरभोवतीच्या गोगलगायीसारख्या वाटेच्या, जिभेजवळ (ही वाट जेथे सुरू होते त्या टोकाजवळ), तळहाताच्या निम्म्या आकाराच्या पट्ट्यात, भिंत अनारशासारखी जाळीदार झाली होती आणि एका ठिकाणी आरपार भोक पडले होते. ग्राहकाचे म्हणणे होते की मिश्रधातू हलका पडला, अधिक कठीण ग्रेड द्या. स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा, अहवाल तपासला, रासायनिक घटक बरोबर होते. कठीणपणा ९२ ब्रिनेल, मर्यादेत होता. मी तेव्हा ‘धातू योग्य आहे, दोष वापराचा आहे’ असे लिहून दिले. ते अपुरे होते, आणि घाईचेही होते.

काही दिवसांनी पुन्हा एक बॉडी आली तेव्हा ती करवतीने कापली आणि खड्ड्यांचा भाग व समोरची शाबूत भिंत असे दोन तुकडे घासून तपासले. शाबूत भिंतीत डेंड्राइट बारीक होते, सिलिकॉन तंतुमय होते, छिद्र शोधावे लागत होते. खड्ड्यांच्या बाजूला भिंतीच्या मागे बोल्टसाठी जाड बॉस, म्हणजे धातूचा उंचवटा, होता. त्या जाडीमुळे तेथला धातू सर्वांत शेवटी गोठत होता. डेंड्राइटच्या फांद्या ठळक व दूर-दूर होत्या, सिलिकॉन पुन्हा पत्र्यांच्या वळणावर गेले होते आणि फांद्यांच्या मधोमध आकसण्याच्या पोकळ्या होत्या. कठीणपणा आम्ही नेहमी सपाट फ्लँजवर (जोडणीच्या कडेवर) मोजत होतो, म्हणजे नेमका जेथे धातू उत्तम होता तेथे.

तरीही हे पूर्ण उत्तर नव्हते, कारण जिभेजवळ प्रवाहही सर्वांत वाईट असतो. दोष धातूचा की पाण्याचा, हे एकट्या खड्ड्यांवरून ठरत नव्हते. म्हणून दोन्ही भागांतून छोटे तुकडे कापून एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हॉर्नखाली सारख्याच परिस्थितीत ठेवले. बॉसमागच्या तुकड्याचे वजन बरेच आधी घटू लागले. त्याच वेळी ज्या जनरेटरवरून बॉडी आली होती त्याच्या रेडिएटरची टोपी मागवून पाहिली, तर तिची स्प्रिंग पार सैल झाली होती. म्हणजे धातू कमकुवत होता आणि पाणीही बेसुमार मारत होते.

या टोपीचे महत्त्व अनेकांना ठाऊक नसते. ०.९ बारची टोपी नीट काम करत असेल तर शीतक यंत्रणेत हवेच्या दाबावर आणखी ९० किलोपास्कल चढतात. पुण्यात तो एकूण दाब १८५ किलोपास्कल होतो आणि साधे पाणीदेखील सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. टोपी सैल झाली की ही सगळी राखीव शिल्लक जाते, आणि घाटात किंवा पूर्ण लोडवर पंपाच्या तोंडाशी बुडबुड्यांना रान मोकळे मिळते. पंपाकडे येणारा होज आतून चिमटणे, जाळी तुंबणे, पाण्याची पातळी उतरणे यांचाही परिणाम तोच. पंपातून खडी घोळल्यासारखा आवाज येत असेल तर आधी ही कारणे पाहावीत.

पाण्याच्या गुणवत्तेचाही येथे संबंध येतो. ॲल्युमिनियमवर हवेत आपोआप काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर येतो आणि तोच त्याला गंजापासून जपतो. बुडबुडे हा थर सतत फोडत राहतात. शुद्ध कूलंटमधली रसायने तो थर लवकर भरून काढायला मदत करतात. बोअरवेलचे क्लोराइड असलेले पाणी घातले तर उघड्या पडलेल्या जागी गंज आणि घाव एकमेकांच्या मदतीने खोल जातात. परत आलेला भाग पाहताना मी म्हणून आधी खड्ड्यांचे रूप पाहतो. नुसत्या गंजाच्या खड्ड्यात पांढरी भुकटी असते. वाळूने झिजलेली जागा प्रवाहाच्या दिशेने गुळगुळीत ओरखडलेली असते. वायूच्या छिद्राची आतली भिंत गोल व चकचकीत असते. कॅव्हिटेशनची जागा सुरुवातीला घासलेल्या काचेसारखी निस्तेज आणि पुढे खरखरीत, जाळीदार, बहुधा कोरडी व स्वच्छ असते. नख फिरवले की अडकते.

ग्रेडबद्दल माझे मत थोडक्यात सांगतो. १२ टक्के सिलिकॉनचा एलएम ६ ओतायला सोपा आणि गंजाला चांगला, पण तो मऊ असतो आणि उष्णतोपचाराने फारसा सुधारत नाही. एडीसी १२ मध्ये तांबे असल्याने तो ओतल्याबरोबर बराच कठीण असतो. प्रेशर डाय कास्टिंगमध्ये, म्हणजे रस दाबाने साच्यात भरताना, त्याची बाहेरची कातडी झटपट गोठल्याने दाट आणि बारीक कणांची होते आणि ती कॅव्हिटेशनला चांगली तोंड देते. पण मशीनिंगमध्ये ती कातडी काढली की आतली सच्छिद्रता उघडी पडते. गंजालाही तो एलएम २५ पेक्षा कमी टिकतो. नेहमीच्या प्रेशर डाय कास्टिंगला टी ६ देता येत नाही, कारण आत कोंडलेला वायू तापून पृष्ठभागावर फोड येतात. १७ टक्के सिलिकॉनचे मिश्रधातू घासून होणाऱ्या झिजेला उत्तम म्हणून कोणी सुचवतात. त्यांतले सिलिकॉनचे मोठे ठोकळे बुडबुड्यांच्या घावाने तडकतात, म्हणून घासण्यातली कीर्ती येथे उपयोगी पडेलच असे नाही. हार्ड ॲनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या साहाय्याने वाढवलेल्या जाड ऑक्साइडचा, थर कठीण असतो खरा, पण मऊ गादीवर पापड ठेवून त्यावर टिचक्या माराव्यात तशी त्याची अवस्था होते, आणि सिलिकॉन जास्त असेल तर तो थर सलगही बसत नाही. जेथे कॅव्हिटेशन टाळताच येत नाही, तेथे ॲल्युमिनियमचा हट्ट सोडून निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझ किंवा स्टेनलेस पोलाद घ्यावे. ते कितीतरी पटींनी जास्त टिकतात. इतर ठिकाणी, हलकेपणा आणि किंमत पाहता, नीट ओतलेला एलएम २५ टी ६ हाच माझा पहिला पर्याय असतो.

त्या पंपाच्या बॉडीसाठी ग्रेड बदलला नाही. डायमध्ये बॉसच्या मागे चिल बसवला, म्हणजे उष्णता झटपट ओढून घेणारा धातूचा तुकडा, जेणेकरून ती जागा आधी गोठेल. बॉस मागून पोकळ करून जाडी कमी केली. रस किती वेळ भट्टीत थांबू द्यायचा याची मर्यादा घातली आणि प्रत्येक पाळीत निर्वातात गोठवलेला छोटा नमुना कापून छिद्रे पाहायला सुरुवात केली. जिभेजवळ मशीनिंगसाठी सोडलेला जादा धातू कमी केला, म्हणजे दाट कातडी शक्य तितकी शाबूत राहील. कठीणपणाची मोजणी फ्लँजवरून बॉसजवळ आणली. ग्राहकाने टोप्या बदलल्या आणि कूलंटचे प्रमाण तपासायला घेतले.

पुढच्या सर्व्हिसला त्यांतली एक बॉडी उघडून माझ्यासमोर ठेवली गेली. जिभेजवळचा पट्टा निस्तेज झाला होता, म्हणजे बुडबुडे तेथे येत होतेच. मी त्यावरून आडवे, उभे, दोन-तीनदा नख फिरवले. ते कोठेही अडकले नाही.